तोंडातली ‘साधी गाठ’: निदानाला सुरुवात कुठून करायची

आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीवर रोज सकाळी बायोप्सीच्या बाटल्या येतात. काही पेठांमधल्या दवाखान्यांतून, काही हडपसर-कात्रजहून, काही बारामती-दौंडकडून. प्रत्येक बाटलीबरोबर एक फॉर्म असतो आणि त्या फॉर्मवर प्राथमिक निदानाची एक ओळ असते. तोंडातली मऊ गाठ असेल तर त्या ओळीवर बहुतेक वेळा एकच शब्द असतो: फायब्रोमा. बहुतेक वेळा तो बरोबरही निघतो. गाल दाताखाली येतो, कवळी घासते, आणि तिथे तंतूंची एक गाठ तयार होते. रोजच्या कामात सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट तीच.

हा लेख उरलेल्या वेळांसाठी आहे. इंटर्नशिप करणाऱ्यांसाठी, एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) पहिल्या वर्षाला नुकत्याच लागलेल्यांसाठी, आणि बीडीएस होऊन नवा दवाखाना टाकलेल्यांसाठी. तोंडातल्या दुर्मिळ पण निरुपद्रवी गाठींची नावं पुस्तकात पाठ होतात. खुर्चीवर पेशंट बसला की ती आठवत नाहीत. मला इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. या गाठींचं निदान मायक्रोस्कोपपाशी पोहोचण्याआधीच अर्धं झालेलं किंवा अर्धं बिघडलेलं असतं. काय विचारलं, बोट कसं लावलं, तुकडा किती खोल घेतला आणि बाटलीत काय भरलं, यावर ते ठरतं.

आधी विचारा, आणि पेशंटच्या कॅलेंडरने विचारा

सासवडच्या एक मावशी मुलाबरोबर आल्या होत्या. पिशवीत दुसरीकडचा रिपोर्ट होता: जिभेचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कर्करोग. मावशी रोज मिश्री लावायच्या, त्यामुळे रिपोर्ट वाचून कुणालाच नवल वाटलं नव्हतं. जिभेच्या शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. मुलाला फक्त आणखी एकदा कुणीतरी बघावं असं वाटत होतं.

मी विचारलं, “मावशी, गाठ कधीपासून आहे?”

“लई दिस झालं.”

या उत्तराचा काही उपयोग नसतो, पण ते जवळजवळ प्रत्येक जण देतो. म्हणून मी म्हटलं, “माउलींची पालखी गावात मुक्कामाला होती, तेव्हा होती का?”

“होती की.”

“त्याच्या आदल्या साली?”

त्या थोडा वेळ थांबल्या. “तवाबी होती. पंगतीला बसले तर भाकरी जिभंला अडकल्यागत व्हायची.”

असं करत आम्ही तीन पालख्या मागे गेलो. तीन वर्षांची गाठ, आकार सुपारीपेक्षाही लहान, वर जखम नाही, मानेत गाठी नाहीत. जिभेचा कर्करोग तीन वर्षं असा गप्प बसत नाही. त्या क्षणी मला निदान माहीत नव्हतं, पण हातातला रिपोर्ट आणि समोरची जीभ जुळत नाही एवढं नक्की कळलं. मावशींचं पुढे काय झालं ते स्लाइडपाशी आल्यावर सांगते.

तेव्हा काळ विचारताना दिवाळी, गणपती, लग्न, बाळंतपण, पालखी अशा खुणा वापरा. वाढीचा वेग ही निदानातली सर्वांत स्वस्त तपासणी आहे. निरुपद्रवी गाठी साधारणपणे वर्षानुवर्षं हळू वाढतात. काही आठवड्यांत भराभर वाढलेली गाठ एक तर सूज किंवा पायोजेनिक ग्रॅन्युलोमासारखी प्रतिक्रिया असते, नाही तर काळजी करण्यासारखं काहीतरी. याला सन्माननीय अपवाद नोड्युलर फॅसायटिस या तंतुपेशींच्या गाठीचा: ती आठवड्यांत वाढते, मायक्रोस्कोपखाली पेशी विभाजित होताना दिसतात, घाबरवते, आणि तरी निरुपद्रवी असते.

बाकीचे प्रश्न पटापट विचारून होतात. गाठ फुटून पाणी येतं आणि ती पुन्हा भरते का? तसं असेल तर म्युकोसील, म्हणजे लाळ साचून झालेली गाठ. हात लावल्यावर मुंग्या येतात, वीज चमकल्यासारखं होतं का? तसं असेल तर मज्जातंतूकडे लक्ष द्या. रक्त येतं का, बाई गरोदर आहेत का, कवळी कधी बसवली, दात कधी काढला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. आणि एक प्रश्न हमखास राहून जातो: अंगावर आणखी कुठे गाठी आहेत का, घरात कुणाला आहेत का?

जागा

तोंडातल्या गाठींना आपापल्या आवडत्या जागा आहेत. त्या नीट माहीत असतील तर यादी लगेच छोटी होते.

जिभेच्या वरच्या पृष्ठभागावर, म्युकोसाखाली (तोंडाच्या आतल्या अस्तराखाली) घट्ट, न दुखणारी, वरून गुळगुळीत किंवा किंचित पिवळसर गाठ दिसली की ग्रॅन्युलर सेल ट्यूमर मनात आणा. तोंडात तो सर्वांत जास्त जिभेवरच होतो. गाठ जिभेच्या पुढच्या भागात वरच्या बाजूलाच असेल, तर एक्टोमेसेन्कायमल कॉन्ड्रोमिक्सॉइड ट्यूमर हेही नाव यादीत असू द्या. नाव लांबलचक आहे, १९९५ मध्ये त्याचं पहिल्यांदा स्वतंत्र वर्णन झालं, आणि जागेबद्दल तो बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. जिभेच्या कडेला मागे जो लालसर, खडबडीत उंचवटा असतो तो मात्र बऱ्याचदा नॉर्मल फोलिएट पॅपिला किंवा लसिकापेशींचा पुंजका असतो. दुसऱ्या बाजूला तसाच आहे का ते बघितल्याशिवाय पेशंटला घाबरवू नका. जिभेच्या कडेवर दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली जखम असेल, तर मात्र दुर्मिळ गाठींचा विचार बाजूला ठेवून सरळ बायोप्सी करा.

खालच्या ओठातली निळसर, लुसलुशीत गाठ म्हणजे बहुधा म्युकोसील. वरच्या ओठात म्युकोसील क्वचितच होतं, तिथली घट्ट सरकती गाठ लहान लाळग्रंथीची असण्याची शक्यता जास्त. नवे डॉक्टर दोन्ही ओठांना एकच नियम लावतात आणि तिथे चुकतात.

टाळूबद्दल मी सगळ्यांनाच जरा दरडावून सांगते. कडक टाळूच्या मागच्या भागात, मध्यरेषेच्या एका बाजूला असलेली गाठ लाळग्रंथीची समजूनच पुढे जा. लहान लाळग्रंथींच्या गाठींमध्ये घातक निघणाऱ्या गाठींचं प्रमाण पॅरोटिड या कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीपेक्षा बरंच जास्त आहे. तिथे मज्जातंतूच्या आवरणापासून होणारा श्वानोमा होतो, रक्तवाहिनीच्या स्नायूंपासून होणारा अँजिओलियोमायोमाही होतो, आणि पॅलिसेडेड एन्कॅप्स्युलेटेड न्यूरोमा ही मज्जातंतूची गाठ तर टाळूवर विशेष आढळतो. पण ही नावं रिपोर्टमध्ये येऊ द्यावीत. खुर्चीपाशी ती गृहीत धरून टाळूची गाठ संपूर्ण खरवडून काढणं ही गंभीर चूक आहे. गाठ घातक निघाली तर पुढच्या सर्जनला कडाच सापडत नाहीत.

हिरडीवरच्या गाठी बहुतेक प्रतिक्रियेतून आलेल्या असतात: पायोजेनिक ग्रॅन्युलोमा, पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा, पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमा. तिथे एक साधा एक्स-रे काढा. हाडाची झीज किंवा गाठीतले कॅल्शियमचे ठिपके त्यात कळतात. गालाच्या आत मऊ, पिवळट दिसणारी गाठ लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ, असू शकते. जिभेखाली मध्यरेषेत पिठाच्या गोळ्यासारखी लागणारी डर्मॉइड सिस्ट, एका बाजूला निळी फुगलेली रॅन्युला, आणि अगदी क्वचित प्रौढांमधला रॅब्डोमायोमा, म्हणजे स्नायूंची गाठ. कवळी घालणाऱ्या आजींच्या खालच्या जबड्यावर, मेंटल फोरामेनपाशी (मज्जातंतू हाडातून बाहेर येतो त्या छिद्रापाशी) दाबलं की कळ येणारी बारीक गाठ असेल तर ट्रॉमॅटिक न्यूरोमा आठवा. तिथली मज्जातंतूची शाखा कवळीखाली चेपली जाते किंवा दात काढताना तुटलेली असते.

आणि नवजात बाळ. वरच्या हिरडीवर पुढच्या बाजूला देठाची गुळगुळीत गाठ घेऊन जन्मलेलं बाळ, बहुधा मुलगी. हा कंजेनिटल एप्युलिस. न्यूमनने १८७१ मध्येच याचं वर्णन केलं आहे. नातेवाईक हादरलेले असतात. त्यांना आधी सांगा की ही गाठ जन्मानंतर वाढत राहत नाही, कधीकधी आपोआप लहान होते, आणि दूध पिण्यात अडथळा येत असेल तर सोपी शस्त्रक्रिया पुरते. बाळ काही महिन्यांचं असेल, वरच्या जबड्यात पुढे निळसर काळी गाठ भराभर वाढत असेल, दात सरकत असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे: मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर ऑफ इन्फन्सी. त्याला दवाखान्यात हात न लावता बाळाला मोठ्या रुग्णालयात पाठवा.

बोट

फोटो पाठवून “मॅडम, काय वाटतं?” असं विचारणारे बरेच जण असतात. मी उलट विचारते, बोटाला काय वाटलं? बहुतेकांनी बोट लावलेलंच नसतं.

ग्लोव्हज घालून गाठ दोन बोटांत धरा: गालाची असेल तर एक बोट आत, एक बाहेर, जिभेची असेल तर जीभ गॉझमध्ये धरून अंगठा वर, तर्जनी खाली. आता चार गोष्टींकडे लक्ष द्या. गाठ लोण्यासारखी आहे, रबरासारखी आहे की खडीसारखी. वरची म्युकोसा गाठीवरून सरकते की गाठीला चिकटलेली आहे. गाठ बोटांतून निसटते की खालच्या भागात रुतलेली आहे. आणि दाबल्यावर रिकामी होऊन परत भरते का. श्वानोमाला स्वतःचं कवच असतं, त्यामुळे तो रबरी गोळीसारखा निसटतो. ग्रॅन्युलर सेल ट्यूमरला कवच नाही. तो जिभेच्या स्नायूत मिसळलेला असतो आणि वरच्या म्युकोसाला धरून असतो. पुस्तकातली दोन ओळींची माहिती बोटाखाली एकदा अशी जाणवली की विसरत नाही.

लाल किंवा निळी गाठ असेल तर काचेची स्लाइड हलकेच दाबून धरा. रंग फिका पडला तर रक्त वाहिनीतच आहे असं समजायचं. फिका पडला नाही म्हणून हेमांजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, नाही असं मात्र समजू नका, खोल गाठीत रंग तसाच राहतो. बोटाला ठोके किंवा थरथर जाणवली तर सगळं जागीच थांबवा. अशा गाठीला सुरी लागली की दवाखान्यात रक्त थांबवणं कठीण होतं. आधी डॉपलर सोनोग्राफी, मग एमआरआय, मग तज्ज्ञ. जिभेवर बेडकाच्या अंड्यांसारखे बारीक पारदर्शक फोड दिसले तर लिंफॅटिक मालफॉर्मेशन, म्हणजे लसिकावाहिन्यांची सदोष घडण, आहे. वर दिसतं त्यापेक्षा ते बरंच खोल गेलेलं असू शकतं.

मग पट्टीने मोजा आणि मिलिमीटरमध्ये लिहा. ‘वाटाण्याएवढी’ हे माप दर डॉक्टरागणिक बदलतं. मान तपासा. मग खुर्ची सरळ करून पेशंटकडे एकदा पूर्ण बघा.

तोंडाबाहेर बघा

या भागाला मी सर्वांत जास्त जपते, कारण इथे तोंडातल्या एका निरुपद्रवी गाठीवरून जीव वाचू शकतो.

एखादं मूल आलं, ओठ जाडसर, जिभेच्या टोकावर आणि कडांवर मण्यांसारख्या लहान लहान मऊ गाठी, अंगाने उंच, सडपातळ, हातपाय लांब. आईची तक्रार एवढीच, की ओठ विचित्र दिसतात. या गाठी म्युकोसल न्यूरोमा असू शकतात आणि त्यामागे मल्टिपल एन्डोक्राइन निओप्लाझिया टू-बी हा आजार असू शकतो. आरईटी नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे तो होतो. या मुलांमध्ये थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग फार लहान वयात होतो, जवळजवळ सगळ्यांमध्ये होतो, आणि ॲड्रिनल ग्रंथीची फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठही होऊ शकते. ओठातल्या गाठी मात्र थायरॉइडमधलं काही हाताला लागण्याआधी दिसतात. म्हणजे हे निदान पहिल्यांदा करण्याची संधी दाताच्या डॉक्टरला मिळते. अशा मुलाचे ओठ छान दिसावेत म्हणून गाठी कापत बसू नका. त्याच आठवड्यात एन्डोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवा. चिठ्ठीत कॅल्सिटोनिन (थायरॉइडच्या या कर्करोगाची रक्तातली खूण) आणि आरईटी तपासणीचा उल्लेख करा. आणि भूल देऊन काहीही करण्याआधी फिओक्रोमोसायटोमा नाही याची खात्री झालेली असू द्या, नाहीतर रक्तदाब जीवघेणा चढू शकतो.

दुसरी गोष्ट न्यूरोफायब्रोमा या मज्जातंतूच्या गाठीची. एकटा न्यूरोफायब्रोमा असू शकतो, पण शर्टाची बाही वर करायला सांगा. दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त चट्टे, लहान मुलात ५ मिलिमीटरपेक्षा मोठे, वयात आलेल्यांमध्ये १५ मिलिमीटरपेक्षा मोठे, काखेत तिळांसारखे बारीक डाग, हे सगळं न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप वनकडे बोट दाखवतं. अशा पेशंटमध्ये एखादी गाठ अचानक वाढू लागली, दुखू लागली, तर घातक रूपांतराचा विचार करावा लागतो. खुर्चीवर आलेल्या काकांना “जरा बाही वर करता का?” म्हणायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरी म्हणा.

सुरी उचलण्याआधी आणि उचलल्यावर

एक सेंटिमीटरच्या आतली, वरवरची, सरकती, निरुपद्रवी वाटणारी गाठ पूर्ण काढून पाठवा. मोठी, खोल, चिकटलेली किंवा शंकास्पद असेल तर आधी तुकडा घ्या. टाळूसाठी तुकडाच. एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून तपासणं, मोठ्या आणि लाळग्रंथींच्या गाठींसाठी उपयोगी आहे. जिभेतल्या एवढ्याशा घट्ट गाठीत सुईतून येणाऱ्या पेशी पुरत नाहीत. निळी गाठ असेल तर कापण्याआधी सुईने ओढून बघा, काय येतं ते.

भूल गाठीत टोचू नका, गाठीच्या बाजूने द्या. आत टोचली की पेशी फुगतात, रक्त साकळतं, आणि आम्हाला स्लाइडवर तुमचं इंजेक्शनच दिसतं. दातेरी चिमट्याने गाठ चिमटू नका; एका कडेला टाका घ्या आणि त्या दोऱ्याने ती वर उचला. लहान तुकड्यासाठी कॉटरी (जाळून कापणारं उपकरण) आणि लेझर शक्यतो टाळा, कडा जळून गेल्या की त्या वाचता येत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी तुम्ही स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांशी बोला.

आता खोली. हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा: म्युकोसाखालच्या गाठीचा तुकडा म्युकोसाखालून आला पाहिजे. रक्ताच्या भीतीने बरेच जण वरचा पापुद्रा घेतात. पापुद्र्यात गाठ नसतेच. मग रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल म्युकोसा’ येतं, किंवा त्याहून वाईट, मावशींसारखं काहीतरी.

बाटलीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन हवं, तुकड्याच्या निदान दहापट. बाजारातलं तीव्र फॉर्मॅलिन एक भाग आणि नऊ भाग बफर केलेलं पाणी असं ते होतं. सलाइन नाही, स्पिरिट नाही, पाणी नाही. माझ्या स्वतःच्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एक गाठ काढली. फॉर्मॅलिन संपलं होतं, म्हणून “सकाळी बदलू” असं म्हणत मी ती सलाइनमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोड बंद, सगळे रस्ते बंद, मिरवणूक संपेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. झाकण उघडलं तेव्हाच वासाने कळलं. त्या तुकड्यात एकाही पेशीचं केंद्रक शिल्लक नव्हतं आणि त्या ताईंना मी निदान देऊ शकले नाही. गाठ पूर्ण काढलेली असल्याने पुन्हा बायोप्सी घ्यायलाही काही उरलं नव्हतं. तेव्हापासून फॉर्मॅलिनची भरलेली बाटली दवाखान्यात आहे याची खात्री केल्याशिवाय मी पेशंटला भूल देऊ देत नाही.

बाटली रुंद तोंडाची घ्या. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत मऊ तुकडा सहज आत जातो, फॉर्मॅलिनमध्ये कडक होतो, आणि मग बाहेर निघत नाही. आम्हाला काच फोडावी लागते. नाव बाटलीच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहिलेलं नाव, दोन बाटल्यांची झाकणं एकाच वेळी उघडली की अदलाबदल होऊ शकतं.

आणि झाकण लावल्यावर एकदा बाटलीकडे बघा. तुकडा तरंगत असेल तर बहुधा त्यात चरबी आहे. फॉर्मवर ‘फायब्रोमा’ आणि बाटलीत वर तरंगणारा पिवळा तुकडा, असं कितीतरी वेळा येतं.

फॉर्म

फॉर्मवर वय, व्यसन, नेमकी जागा, आकार, किती काळ, कसं लागतं, पूर्ण गाठ की तुकडा, आणि तुमच्या मनातली दोन-तीन नावं लिहा. ‘स्वेलिंग, टंग’ यातून काही कळत नाही. ‘५२ वर्षं, स्त्री, मिश्री, जिभेच्या वरच्या पृष्ठभागावर उजवीकडे १४ मिलिमीटर घट्ट गाठ, तीन वर्षं, वर जखम नाही, म्युकोसा चिकटलेली, तुकडा, ग्रॅन्युलर सेल ट्यूमर?’ असं लिहिलं तर स्लाइड बघणाऱ्याचं डोकं योग्य दिशेने चालतं. फोटो असेल तर तोही पाठवा.

स्लाइडपाशी

मावशींच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आम्ही मागवून घेतले. पहिल्या स्लाइडवर जे होतं त्याचं वर्णन रिपोर्टशी जुळत होतं: वरच्या थरातून एपिथेलियमची (आवरणाच्या पेशींची) जाड बोटं खाली उतरलेली, मध्ये केराटिनचे मणी. एवढंच बघितलं तर कुणीही थबकेल. पण त्या बोटांमधल्या पेशी शांत होत्या. केंद्रकं एकसारखी, विभाजन जवळपास नाही. आणि तुकड्याच्या अगदी तळाच्या कडेला चार-पाच मोठ्या पेशी होत्या, पोटात गुलाबी रव्यासारखे कण भरलेल्या. तुकडा आणखी अर्धा मिलिमीटर वर कापला गेला असता तर त्याही मिळाल्या नसत्या. ब्लॉकमधून आणखी खोल काप घेतले, एस-१०० हा पेशी रंगवून ओळखण्याचा मार्कर लावला, आणि त्या रवाळ पेशी तपकिरी उजळल्या. खोल बायोप्सी पुन्हा घेतली, ती संपूर्ण ग्रॅन्युलर सेल ट्यूमर निघाली. वरचं एपिथेलियम गाठीमुळे चेतलं होतं. त्याला सूडोएपिथेलिओमॅटस हायपरप्लेसिया म्हणतात, आणि या गाठीवर ते बऱ्याचदा दिसतं.

अब्रिकोसॉफ यांनी १९२६ मध्ये या गाठीचं वर्णन केलं तेव्हा ती स्नायूंच्या पेशींपासून होते असं मानलं होतं. म्हणून जुन्या पुस्तकांत मायोब्लास्टोमा हे नाव सापडतं. आज ती मज्जातंतूभोवतालच्या श्वान पेशींची मानतात. नवजात बाळाच्या एप्युलिसमधल्या पेशी दिसायला हुबेहूब अशाच असतात, पण त्यांच्यात एस-१०० निगेटिव्ह येतं.

बाकीच्यांची तोंडओळख अशी. श्वानोमात अँटोनी ए या दाट भागात केंद्रकं रांगेत उभी राहतात, दोन रांगांमध्ये गुलाबी पट्टा, त्याला व्हेरोके बॉडी म्हणतात. अँटोनी बी हा भाग विरळ, पातळसर. न्यूरोफायब्रोमात केंद्रकं नागमोडी, कवच नाही. लियोमायोमात पेशींची टोकं बोथट, एसएमए आणि डेस्मिन हे स्नायूंचे मार्कर पॉझिटिव्ह. रॅब्डोमायोमात मोठ्या गुलाबी पेशींत आडव्या रेघा शोधा. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर या तंतूंच्या गाठीमध्ये हरणाच्या शिंगांसारख्या फाटे फुटलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. २०१३ मध्ये त्याच्या मुळाशी असलेलं एनएबी२-स्टॅट६ हे जनुकांचं जोडलं जाणं कळलं, आणि तेव्हापासून केंद्रकात रंगणारं स्टॅट६ हा भरवशाचा मार्कर झाला आहे. त्याआधी सीडी-३४ या दुसऱ्या मार्करवर विसंबावं लागायचं, आणि सीडी-३४ अनेक गाठींत पॉझिटिव्ह येतं.

मार्कर मागताना पेशंटच्या खिशाचा विचार करा. प्रत्येकाचे वेगळे पैसे पडतात. साध्या एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर आधी दोन-तीन नावांपर्यंत या, मग त्यांना वेगळं करणारे मोजके मार्कर मागा. ‘सगळं पॅनल करून टाका’ यातून गोंधळच जास्त होतो. एस-१०० पॉझिटिव्ह म्हणजे श्वानोमा असं नसतं. न्यूरोफायब्रोमा, ग्रॅन्युलर सेल, चरबीच्या पेशी, मेलॅनोमा हे सगळेच त्याला उजळतात. कवच आहे का, पेशींची मांडणी काय, हे आधी.

रिपोर्ट आणि पेशंट जुळत नसतील तर फोन करा. पॅथॉलॉजिस्टला फोन केल्याने राग येत नाही, निदान मला तरी कधी आलेला नाही. पुण्यातल्या दंत महाविद्यालयांमध्ये ओरल पॅथॉलॉजीचे विभाग आहेत, तिथे स्लाइड दुसऱ्या मतासाठी दाखवता येतात. स्लाइड आणि ब्लॉक मागणं हा पेशंटचा हक्क आहे, ते त्यांना सांगा.

पेशंटशी बोलणं आणि नंतरचं

“तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणे.” हे वाक्य तुम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळेल, आणि ते बोलणाऱ्यावर चिडू नका. कुणा नातेवाइकाची बायोप्सी झाली आणि काही महिन्यांत ते गेले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. नीट सांगा, की तपासणीसाठी घेतलेल्या तुकड्यामुळे आजार पसरत नाही, तो आधीच वाढलेला होता आणि उशिरा कळला. कधीकधी कागदावर जिभेचं चित्र काढून दाखवावं लागतं. काढा.

निरुपद्रवी निदान आलं तरी पुन्हा बोलवा. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर पूर्ण काढला तर सहसा परत येत नाही, पण काही जणांना तो शरीरात दुसरीकडेही होतो, म्हणून वर्षातून एकदा बघावं. श्वानोमा कवचासकट निघाला तर परत येणं फार दुर्मिळ. सॉलिटरी फायब्रस ट्यूमरला मात्र वर्षानुवर्षं लक्षात ठेवावं लागतं. आणि मिश्री, तंबाखू चालू असेल, तर आजची गाठ निरुपद्रवी निघाल्याचा आनंद देतानाच त्याविषयी बोला. तेव्हा पेशंट ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या पेशंटच्या खिशातून निघतात. मिश्रीला तर कुणी व्यसन समजतच नाही.

शेवटचं काम एका वहीचं आहे. पाठवलेली प्रत्येक बाटली तारखेनिशी लिहा, समोर रिपोर्ट आल्याची तारीख, समोर पेशंटने रिपोर्ट नेल्याची तारीख. तिसरा रकाना बराच वेळा रिकामा राहतो, कारण टाके सुटले, गाठ गेली, माणूस विसरला. दर शनिवारी तो रकाना बघा आणि फोन लावा. मावशींचा रकाना भरलेला आहे. मिश्री त्यांनी अजून पूर्ण सोडलेली नाही, पण पालखी सासवडहून पुढे गेली की त्या जीभ दाखवायला येतात.